आधी पाणी आटवा: गावच्या स्वयंपाकघरात सफरचंदाचं गोडधोड

सोयाबीनची सोंगणी जोरात असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते, दुपारचं ऊन उन्हाळ्यासारखं भाजतं आणि रात्री अंगणात खाट टाकली की पाठीला गारवा लागतो. विदर्भातला शरद हा असा आहे. नेमक्या याच दिवसांत आठवडी बाजारात सफरचंदांचे ढीग लागतात. हिमाचलचा माल जुलैअखेरपासून यायला लागतो, सप्टेंबरपासून त्यात काश्मीरचा मिसळतो आणि भुलाबाई, दसरा, कोजागिरी, दिवाळी या सगळ्या दिवसांत दोन्हीकडचा ताजा माल एकत्र उतरतो. वर्षातली सगळ्यात चांगली आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त सफरचंदं हीच. डिसेंबरनंतर बाजारात येतो तो बराचसा शीतगृहातून निघालेला माल.

तरीही आपल्याकडे सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. शिजवायचं कोणाच्या मनात येत नाही, आणि ज्यांनी एकदा गाजराच्या हलव्यासारखं करून पाहिलं त्यांचा बहुतेक चिकट लगदा झालेला असतो. गाजराचा कीस शिजूनही कीस राहतो, सफरचंद गळून जातं. 100 ग्रॅम सफरचंदात साधारण 85 ग्रॅम पाणी असतं, आणि कितीही गोड लागलं तरी त्यात आंबटपणा असतोच. त्यामुळे पदार्थ कोणताही असो, क्रम एकच लक्षात ठेवायचा: आधी पाणी आटवायचं, मग साखर किंवा गूळ, दूध-खोवा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की पदार्थ बिघडलाच. मुरांबा, गुलगुले आणि आरात भाजलेलं सफरचंद हे तेवढे अपवाद आहेत, त्यांची रीत त्यांच्या जागी सांगितली आहे.

ओव्हन लागत नाही. जाड बुडाची स्टीलची कढई, गंज (पातेलं), किसणी, सराटा (उलथणं) आणि चूल किंवा शेगडी एवढ्यावर खालचं सगळं होतं.

बाजारात काय बघायचं

ढिगात बहुतेक डेलिशियस जातीची सफरचंदं असतात, विक्रेते त्यांना 'रॉयल' म्हणतात. रंग गडद लाल, आकार किंचित लांबट, आणि उलटं धरलं की बुडाशी पाच उंचवटे दिसतात. ही जात हिमाचलात रुजवली ती सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने, शिमल्याजवळच्या कोटगडला, 1916 च्या सुमारास. डेलिशियस गोड असतं, आंबटपणा कमी, आणि शिजल्यावर लवकर मऊ पडतं. हलवा, बासुंदी, गुलगुले यांना हेच चांगलं. पिवळं 'गोल्डन' मिळालं तर मुरांब्यासाठी आणि तव्यावरच्या फोडींसाठी घ्या. त्याची फोड जास्त वेळ आकार धरते आणि किंचित आंबट असल्याने गुळाबरोबर छान लागते. ऑक्टोबरात कुठे किन्नौरचा माल दिसला आणि परवडला, तर तो नुसता खायला ठेवा. इतकं कडक आणि रसाळ फळ कढईत घालायला मन होत नाही.

फळ हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. देठापाशी अंगठ्याने हलकं दाबा. दबलं तर आतून पिठूळ झालेलं आहे, ते घेऊ नका. नखाने टिचकी मारली की ताज्या फळाचा टणक आवाज येतो, शिळ्याचा पोकळ आणि दबका. सालीवरची चमक बघून भुलू नका, ती मेणाचीही असू शकते. घरी कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून हाताने चोळून धुतलं की मेण थोडंफार निघतं.

शिजवायला दबकी फळं चालतात आणि बाजार उठायच्या वेळी ती अर्ध्या भावात मिळतात. पण 'दबकं' आणि 'सडकं' यातला फरक ओळखता आला पाहिजे. दबलेला भाग तपकिरी असतो, पण कोरडा आणि बिनवासाचा. तो कापून टाका, बाकीचं वापरा. सडलेला भाग ओलसर, मऊ आणि आंबूस वासाचा असतो. आणि फळ कापल्यावर बियांच्या घरात काळी किंवा हिरवट बुरशी दिसली, तर ते फळ पूर्ण फेकून द्या. त्या बुरशीचं विष शिजवूनही सगळं जात नाही. म्हणून मोठं फळ आधी उभं मधोमध कापायचं, गाभा बघायचा आणि मगच किसायला घ्यायचं.

मध्यम आकाराची सहा-सात फळं किलोत बसतात. साल, देठ, गाभा गेला की 1 किलोचा साधारण 800 ग्रॅम गर हाती येतो, आणि किसून पाणी आटवलं की त्याचाही जवळपास निम्माच उरतो. चार माणसांच्या हलव्याला किलोभर फळं का लागतात, ते यावरून समजेल.

साठवणीचं थोडक्यात: या दिवसांतल्या दुपारच्या उकाड्यात उघड्यावरचं सफरचंद आठवडाभरात पिठूळ होतं. फ्रिज असेल तर भोकं पाडलेल्या पिशवीत, खालच्या भाजीच्या कप्प्यात, तीन-चार आठवडे सहज टिकतं. फ्रिज नसेल तर माठाच्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत एकेरी थर लावा, खाली ओलं पोतं आणि वर सुती कापड. रोज एकदा हात फिरवून नरम पडलेलं फळ बाजूला काढा, ते शेजारच्या चारांना घेऊन बसतं. सफरचंदातून एक वायू निघतो, तो आजूबाजूची फळं पिकवतो. याच दिवसांत रानातून सीताफळं येतात. कच्च्या सीताफळांच्या टोपलीत एक-दोन सफरचंदं ठेवलीत तर ती लवकर पिकतात. पण सीताफळं राखून ठेवायची असतील, तर दोन्ही टोपल्या दोन खोल्यांत ठेवा.

काळं का पडतं

चिरलेलं सफरचंद हवेने तपकिरी होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लोखंडाने ते काळं पडतं, हे कोणी सांगत नाही. विळीचं पातं लोखंडी असेल तर फोडीच्या कडेला निळसर काळी रेघ उमटते, आणि लोखंडी कढईत शिजवलं तर अख्खा हलवा राखी रंगाचा होतो, चवीलाही लोखंड लागतं. चिरायला स्टीलची सुरी, शिजवायला स्टीलची किंवा चांगल्या कल्हईची पितळी कढई घ्या. कल्हई उडालेलं पितळ नको, आंबट पदार्थ त्याला लागतो. लोखंडी कढई फक्त तळणासाठी.

फोडी करायच्या असतील तर लिटरभर पाण्यात एका लिंबाचा रस आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा आणि चिरेल तशी फोड त्यात टाकत जा. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, फोडी पाणी पितात. किसायचं असेल तर हा खटाटोप नको. कढईत तूप तापत ठेवा आणि थेट त्यावर किसा. आच लागली की काळं पडणं थांबतं.

तव्यावरच्या फोडी

पहिल्यांदा करणाऱ्याने इथून सुरुवात करावी. दहा मिनिटांचं काम आहे आणि सफरचंद आचेवर कसं वागतं ते यात डोळ्यांना दिसतं.

दोन सफरचंदं सालीसकट, बोटाएवढ्या जाड फोडी. एक मोठा चमचा तूप, दीड मोठा चमचा बारीक चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठपूड, अर्धं लिंबू.

पसरट तवा किंवा कढई तापवा, तूप सोडा, फोडी एकेरी थरात मांडा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. आधी चर्र असा कोरडा आवाज येतो. मिनिटभराने फोडींच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात, ते फळाचं पाणी. हे बुडबुडे कमी होऊन आवाज पुन्हा कोरडा झाला की उलटा. खालची बाजू बदामी झालेली असते. दुसरी बाजू तशीच होऊ द्या, मग आच मंद करून गूळ, मीठ, सुंठ पसरा. गूळ विरघळून फोडींना चिकटला की मिनिटभरात उतरवा आणि लिंबू पिळा.

बिघडतं ते गर्दीमुळे. चार फळांच्या फोडी एकदम घातल्या की पाणी आटायला जागा राहत नाही, फोडी भाजण्याऐवजी वाफवल्या जातात आणि फिक्या, लिबलिबीत होतात. दोन घाण्यांत करा. गूळ सुरुवातीलाच टाकला तर तो फळाचं पाणी ओढून घेतो, तव्यात पाक साचतो आणि फोड भाजायच्या आत तळाला जळतो. गरम फोडी भाकरीबरोबर, घट्ट दह्यावर किंवा नुसत्या वाटीत, कशाही चालतात.

हलवा

साहित्य: 1 किलो सफरचंदं, तीन मोठे चमचे तूप, 120 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम खोवा, चिमूटभर मीठ, चार-पाच विलायच्या, मूठभर काजू आणि किसमिस.

1. काजू-किसमिस एक चमचा तुपात परतून बाजूला काढा.

2. फळं सोलून, उभी कापून, गाभा बघून काढून टाका. उरलेलं तूप कढईत मंद तापवा आणि किसणीच्या मोठ्या भोकांनी त्यावर किसा. बारीक किसणीने किसलं तर लापशी होते. कीस पिळून रस काढू नका, चव आणि साखर त्या रसातच असते.

3. आच मध्यम करा. पाचेक मिनिटांत कढईत रस तरंगेल आणि बिघडलं की काय असं वाटेल. घाबरू नका, झाकण ठेवू नका, मधूनमधून सराट्याने तळ खरवडत राहा. पंधरा ते वीस मिनिटांत रस आटतो. खूण अशी: सराट्याने कीस मधोमध दुभागा. वाट उघडी राहिली आणि तिच्यात रस वाहून आला नाही, की पाणी गेलं.

4. आता साखर आणि मीठ. साखर पडताच मिश्रण पुन्हा पातळ होतं, हे व्हायचंच. आणखी आठ-दहा मिनिटं परता. कडेला तूप दिसायला लागलं आणि गोळा सराट्याबरोबर फिरू लागला की आच बंद.

5. दोन मिनिटं थांबा, मग हाताने मोकळा केलेला खोवा आणि विलायची पूड मिसळा. वरून काजू-किसमिस.

खोवा आच बंद झाल्यावरच का? उकळत्या, आंबटसर मिश्रणात खोव्याचे कण बनतात आणि हलवा मऊ न होता रवाळ, कोरडा लागतो. खोवा मिळाला नाही तर दोन-तीन चमचे दूध पावडर घाला. कोरडीच घाला, पाण्यात कालवून नको, नाहीतर आटवलेलं पाणी आपणच परत घालतो. दूध ओतून आटवायच्या भानगडीत या हलव्यात पडूच नका.

रंग फिका बदामी येतो, तोच त्याचा खरा रंग. खायचा रंग टाकून लाल करण्यात काही अर्थ नाही. साखरेचं माप चव घेऊन ठरवा: फळ आंबटसर असेल तर 150 ग्रॅमपर्यंत जा, खूप गोड असेल तर 100 पुरे. गूळ वापरायचा असेल तर खोवा वगळा. दोन्ही एकत्र घातले की गुळाच्या जातीप्रमाणे फाटण्याची भीती असते. हलवा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. फ्रिजमध्ये चार दिवस, बाहेर मात्र एकच दिवस.

कोजागिरीची बासुंदी

कोजागिरीच्या दुधात सफरचंद घालायची हौस दरवर्षी अनेकांना येते आणि दरवर्षी अनेक गंज दूध फाटतं. फळातलं आम्ल आणि दुधाची उष्णता एकत्र आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात. थंड दुधाला तेवढंच आम्ल सहन होतं, उकळत्याला होत नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळं शिजवायचं, वेगवेगळं थंड करायचं आणि मग एक करायचं.

लिटरभर म्हशीचं दूध रुंद गंजात घ्या आणि मध्यम आचेवर 600 ते 650 मिलीपर्यंत आटवा, अर्धा-पाऊण तास लागतो. कडेची साय खरवडून आत घालत राहा. साखर 50 ग्रॅम, विलायची, थोडं जायफळ आणि दुधात भिजवलेल्या केशराच्या काड्या असतील तर त्या. उतरवून थंड व्हायला ठेवा. दुसरीकडे दोन सोललेली सफरचंदं चमचाभर तुपावर किसा, हलव्यासारखं पाणी आटवा, एक मोठा चमचा साखर घालून दोन मिनिटं परता आणि ताटात पसरून थंड करा. दोन्हींत बोट घालून बघा. कोमटही लागता कामा नये. मग मिसळा. मिसळल्यावर पुन्हा गरम करायचं नाही, पाहुणे उशिरा आले तरी नाही.

गार दूध नको आणि गरमच प्यायचं असेल, तर मसाला दूध नेहमीसारखं करा आणि सफरचंदाचा हलवा वाटीत वेगळा द्या.

चांदण्यात गंज ठेवताना वर पातळ मलमल बांधा, आणि फळ घातलेलं दूध बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नका. रात्र गार वाटली तरी दूध नासायला तेवढी ऊब पुरते. एवढं करूनही फाटलंच, तर फेकू नका. तसंच कढईत ओता, मोठ्या आचेवर हलवत पाणी आटवा, दोन चमचे साखर वाढवा आणि तूप लावलेल्या ताटात थापा. कलाकंदासारख्या वड्या पडतात आणि सफरचंदाचा आंबटपणा त्यात चांगला लागतो.

भुलाबाईच्या खिरापतीला गुलगुले

कोहळ्याची बोंडं (गोड भजी) ज्यांना येतात, त्यांना हे अर्धं येतंच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी होतात आणि खिरापत ओळखायला लावतात. झाकलेला डबा हलवून मुली गूळ ओळखतील, बडीशेप वासावरून ओळखतील, सफरचंद मात्र सहजासहजी कोणाच्या तोंडी येणार नाही.

दोन सफरचंदं (किसून 250 ग्रॅम, साल असू द्या), 100 ग्रॅम चिरलेला गूळ, 200 ग्रॅम कणीक, दोन मोठे चमचे बारीक रवा, एक चमचा बडीशेप जाडसर कुटून, एक चमचा खसखस, चिमूटभर मीठ, दोन चिमटी खायचा सोडा. तळायला फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल. साधारण वीस-बावीस गुलगुले होतात.

किसात गूळ आणि मीठ कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. गूळ फळाचं पाणी बाहेर खेचतो आणि भांड्यात आपोआप पाक तयार होतो. या पदार्थात हेच पाणी कामाला येतं, वरून थेंबही घालायचा नाही. मग कणीक, रवा, बडीशेप, खसखस घालून एकजीव करा आणि वीस मिनिटं ठेवा म्हणजे रवा फुगेल. पीठ इतकं घट्ट हवं की चमच्यातून ओघळू नये, पण बोटाने ढकललं की पडावं. पातळ वाटलं तर कणीक चमच्या-चमच्याने वाढवा, घट्ट वाटलं तर आणखी अर्धं सफरचंद किसा. सोडा तळायच्या अगदी आधी. आधीच घातला तर फळाच्या आंबटपणाने त्याचा जोर भांड्यातच संपतो.

तेल तापलं की आच मध्यमच्याही थोडी खाली आणा. पिठाचा एक थेंब टाका. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांनी हळूच वर आला तर तेल बरोबर आहे. लगेच उसळी मारून वर आला तर तेल जास्त तापलं आहे: गुळामुळे गुलगुला बाहेरून तांबडा-काळा होईल आणि आत कच्चं पीठ राहील. तळाशीच बसला तर तेल थंड, तो तेल पिऊन बसेल. लिंबाएवढे सोडा, एका वेळी पाच-सहा, चार-पाच मिनिटं उलटसुलट तळा. पहिला मोडून बघितल्याशिवाय दुसरा घाणा टाकू नका. तेलात गुलगुला सुटून पसरायला लागला तर गूळ जास्त झाला आहे, दोन चमचे कणीक मिसळा.

रोडग्यांच्या आरात भाजलेलं सफरचंद

या सगळ्यात आमचा कल याच्याकडे आहे. साखर नाही म्हणावी इतकी कमी, भांडं एकही नाही, आणि शेतात किंवा अंगणात कणकेचे रोडगे-पानगे भाजायला लावले की गोवऱ्यांची आर (निखारे) उरतेच. रोडगे काढून झाले, आरावर राखेचा पांढरा थर चढला, की सफरचंदांची वेळ झाली.

माणशी एक मध्यम फळ घ्या, साल काढायची नाही. देठाच्या बाजूने टोकदार सुरीने आणि चमच्याच्या दांड्याने गाभा कोरून काढा, पण बुडाला भोक पडू देऊ नका. भोक पडलं की गूळ वितळून राखेत जातो. सालीवर मधोमध, कंबरपट्ट्यासारखी, गोल हलकी चीर द्या. ही चीर विसरली तर आतल्या वाफेने फळ फुटतं. पोकळीत एक चमचा गूळ, एक चमचा दाण्याचा कूट, चिमूटभर सुंठ, दोन दाणे मीठ आणि वर अर्धा चमचा तूप. गच्च दाबून भरू नका, गूळ उकळून वर येतो.

पळसाची ताजी मोठी पानं दहा मिनिटं पाण्यात भिजवा. दोन पानं आडवी-उभी ठेवून त्यावर फळ, तोंडावर तिसरं पान, आणि सुती दोऱ्याने बांधा. नायलॉनची दोरी वितळते. पळस नसेल तर वडाची पानं किंवा केळीचं पान चालतं. बांधावर हाताशी आली म्हणून एरंड, रुई, कण्हेर यांची पानं अजिबात घेऊ नका, ती विषारी आहेत.

आर पसरवून मध्ये खळगा करा, फळं उभीच ठेवा, चहूबाजूंनी गरम राख ओढा. थेट लाल निखारा पानाला लागू देऊ नका. पंचवीस ते तीस मिनिटांनी एक उघडून सुई टोचा. लोण्यात गेल्यासारखी गेली तर झालं. पानाचे बाहेरचे थर करपतात, आतलं हिरवट-तपकिरी राहतं आणि उघडताना पळसाचा, गुळाचा, धुराचा एकत्र वास येतो. पाच मिनिटं निवू द्या, आतला गूळ जीभ पोळवतो.

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर हे होत नाही. ती भडकते आणि लगेच बसते, निखारा धरत नाही. गोवरी किंवा बाभळीचं लाकूड लागतं. उरलेली आर झोपण्याआधी पाणी टाकून विझवा. सोंगणीच्या दिवसांत कुटार (वाळला भुसा) जवळच असतं, आणि एक ठिणगी पुरते.

टिकणारा मुरांबा

इथे क्रम बदलतो. साखर आधी, कारण आपल्याला फोड अख्खी राहायला हवी. साखरेत मुरलेली फोड शिजताना घट्ट राहते, आधी शिजवून मग साखर घातली तर तिचा लगदा होतो.

1 किलो गर भरेल इतकी कडक फळं घ्या, म्हणजे सव्वा किलो. अर्ध्या बोटाच्या चौकोनी फोडी करा. त्यावर 1 किलो साखर, दोन लिंबांचा रस, दोन बोटं आल्याच्या काड्या. झाकून चार तास ठेवा, मग साखर भिजलेली दिसेल. जाड कढईत आधी मंद आचेवर साखर पूर्ण विरघळवा, नंतर मध्यम आच. साधारण पाऊण तास लागतो, शेवटची पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका.

झाला कधी हे वजनावर ठरवा, तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवा. मुरांबा दीड किलोवर आला की त्यात साखर दोन तृतीयांश भरते आणि तेवढ्या साखरेत तो टिकतो. काटा नसेल तर गार बशीवर थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने बोटाने ढकला. पृष्ठभागावर सुरकुती पडली की उतरवा. त्यापुढे शिजवला तर थंड झाल्यावर चिक्कीसारखा ओढावा लागतो. लिंबू वगळू नका: डेलिशियसचा आंबटपणा कमी, त्यामुळे रस धरायला आणि साखर पुन्हा दाणे होऊन बसू नये म्हणून ते लागतंच. साखर कमी हवी तर 750 ग्रॅम घाला, पण मग बरणी फ्रिजमध्ये आणि महिन्याच्या आत संपवायची.

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची (हिवाळाअखेरच्या फुलोऱ्याची) संत्री आली की दोन संत्र्यांचा गर शेवटच्या दोन मिनिटांत घाला. बिया आणि पांढऱ्या शिरा एकूण एक काढा. नागपुरी संत्र्याचा कडवटपणा त्यात असतो, तो शिजताना बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. म्हणून संत्रं सुरुवातीपासून उकळायचं नाही.

काचेची बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, उलटी करून पूर्ण वाळवा, आणि मुरांबा गरम असतानाच गरम बरणीत भरा. थंड बरणीत ओतला तर काच तडकते. पूर्ण थंड झाल्यावर झाकण घट्ट लावा. गरम असताना लावलं तर झाकणाच्या आतून घाम सुटतो, तो वर ठिबकतो आणि तिथेच बुरशी धरते. ओला चमचा कधीही नको. बरणी मुंग्यांसाठी पाण्याच्या ताटलीत उभी करा.

सोललेल्या साली आणि बुरशी नसलेले गाभे लिटरभर पाण्यात, आल्याचा तुकडा टाकून वीस मिनिटं उकळा, गाळा, चवीपुरता गूळ घाला. कार्तिकातल्या पहाटे हे गरम पाणी चहाच्या जागी चालतं. बिया मात्र मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका, चावल्या-वाटल्या की त्यातून विषारी घटक सुटतो. गोठ्यात द्यायचं झालं तर फळ बारीक चिरूनच द्या. अख्खं सफरचंद गायी-म्हशीच्या घशात अडकतं.